हृदय व वक्ष शस्त्रक्रिया, महाराष्ट्रातील

हृदय व वक्ष शस्त्रक्रिया : छातीच्या पिंजऱ्यातील (वक्षातील) हृदय, त्यापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, फुप्फुसे, परिफुप्फुस (फुप्फुसांभोवतीचे दुपदरी आवरण) व ग्रसिका (अन्ननलिका) यांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांना हे नाव दिले जाते. शस्त्रक्रियेच्या इतर शाखांच्या मानाने ही शाखा वयाने लहान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उदर उघडून शस्त्रक्रिया करणे रूढ झाले होते. छाती उघडणे मात्र रुग्णाच्या जिवावर उदार होण्यासारखे मानले जाई. महाराष्ट्रात या शाखेचा विकास प्रामुख्याने मुंबईत आणि त्यातही परळ–शिवडी या लहानशा भागात झाला. राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम्.) रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय, वाडिया बाल रुग्णालय व शिवडीचे क्षयरोग रुग्णालय ही सर्व एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. ठाण्याची खाडी ओलांडली की लागणारे पनवेल व त्यापलीकडील कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्हा यांतील रुग्णांना मात्र ही रुग्णालये बराच काळ दूर होती. या शस्त्रक्रियांचे यश शस्त्रक्रियातज्ञाच्या हातावर जितके, तितकेच रुग्ण किती लवकर येतो आणि घरी परतल्यावर त्याची देखरेख कशी होते यांवर अवलंबून असते. त्यामुळे या शाखेचा इतिहास तंत्राइतकाच अंतराचाही आहे.

प्रारंभीच्या अडचणी : छातीच्या पोकळीतील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी असतो व त्यामुळेच फुप्फुस फुगलेले राहते. छातीला छेद देताच बाहेरील हवा आत शिरते, फुप्फुस मिटते (वायुवक्ष) आणि रुग्ण गुदमरतो. ही अडचण दूर करण्यासाठी फेर्डिनांट झाउअरब्रुख यांनी १९०४ मध्ये कमी दाबाची कोठडी तयार केली. रुग्णाचे डोके कोठडीबाहेर व धड आत ठेवून शस्त्रक्रियातज्ञही आत उभे राहून काम करीत. हा खटाटोप फार काळ टिकला नाही. श्वासनालात नळी घालून दाबाखाली हवा व शुद्धिहारक (भूल देणारे) वायू पुरविण्याची सोपी पद्धत निघाली आणि छाती उघडणे शक्य झाले ते तिच्यामुळे. हृदयावरील शस्त्रक्रियेचा आरंभ सामान्यतः लूटव्हिख रेन (१८४९–१९३०) यांच्यापासून धरतात. त्यांनी फ्रँकफुर्ट येथे १८९६ मध्ये सुऱ्याच्या वाराने फाटलेल्या उजव्या निलयाला (हृदयाच्या खालच्या कप्प्याला) टाके घातले व तो रुग्ण वाचला.

छातीत साचलेला पू काढून टाकण्याची क्रिया साधी वाटते. पण तिनेच या शाखेला पहिला मोठा धडा शिकविला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी छावण्यांत फुप्फुसदाहानंतर पूयवक्ष (परिफुप्फुसात पू साचणे) झालेल्या सैनिकांची छाती लगेच उघडून पू काढीत आणि त्यांतील सुमारे ३०% दगावत. एव्हर्ट्‌स ग्रॅहॅम यांच्या चौकशी मंडळाने १९१८ मध्ये असे दाखवून दिले की, फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटण्यापूर्वी छाती उघडणे हेच मृत्यूचे कारण आहे. त्याऐवजी पाण्याखाली तोंड असलेल्या बंद नळीने पू वाहू दिल्यावर मृत्युप्रमाण ५ टक्क्यांच्या आत आले. बाटलीतील पाण्यात बुडविलेल्या नळीची ही योजना गोटहार्ट ब्यूलाउ यांनी एकोणिसाव्या शतकातच सुचविली होती. आज तालुक्याच्या रुग्णालयातही ती वापरतात. याच ग्रॅहॅम यांनी १९३३ मध्ये कर्करोग झालेले संपूर्ण फुप्फुस एका बैठकीत काढण्यात यश मिळविले. तो रुग्ण स्वतः वैद्य होता व शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीस वर्षे जगला.

क्षयरोग व वक्ष शस्त्रक्रिया : महाराष्ट्रात वक्ष शस्त्रक्रिया आली ती क्षयरोगामुळे. परिणामकारक औषधे निघण्यापूर्वी शुद्ध हवा, विश्रांती व सकस आहार हाच क्षयाचा उपचार होता. त्यासाठी डोंगराळ वा कोरड्या हवेच्या ठिकाणी आरोग्यधामे उभारली गेली. पाचगणीचे रुस्तमजी बिलिमोरिया यांनी स्थापिलेले बेल-एअर आरोग्यधाम (१९१२) आणि मिरजेजवळ विल्यम वॉनलेस (१८६५–१९३३) यांच्या नावाने वसलेल्या वॉनलेसवाडीतील आरोग्यधाम ही त्यांपैकी प्रमुख होत. रोगट फुप्फुसाला विश्रांती दिली, तर त्यातील पोकळी (विवर) मिटते व रोग थांबतो, अशी त्या काळची विचारसरणी होती. इटलीतील कार्लो फोर्लानीनी यांनी परिफुप्फुसात सुईने हवा भरून फुप्फुस मिटविण्याची पद्धत रूढ केली. चिकटलेली फुप्फुसे या मार्गाने मिटत नसत. अशा रुग्णांच्या एका बाजूच्या अनेक फासळ्यांचे तुकडे दोन-तीन बैठकींत काढून छातीची ती बाजू कायमची आत बसविली जाई. या क्रियेने खांदा झुके, पाठीला बाक येई व श्वसनक्षमता कमी होई; परंतु निवडक रुग्णांच्या थुंकीतील जंतू नाहीसे होत आणि त्यांना पुन्हा घरी राहता येई. कुटुंबात लहान मुले असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

स्ट्रेप्टोमायसिन (१९४३), पॅरा-ॲमिनो सॅलिसिलिक अम्ल व आयसोनियाझिड (१९५२) ही औषधे मिळू लागल्यावर फासळ्या काढण्याची क्रिया मागे पडली व रोगट पाळी (फुप्फुसाचा खंड) कापून काढण्याची क्रिया पुढे आली. औषधांच्या आवरणाखाली केलेल्या या क्रियेत रोग पसरण्याचा धोका बराच कमी होता. भारतात वक्ष शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात १९४९ मध्ये रीव्ह बेट्स यांनी सुरू केला. मुंबईची मोठी रुग्णालये आणि पुण्यातील लष्करी हृद्‌-वक्ष केंद्र यांनी पश्चिम भारतात हे काम वाढविले. आज हृदयावर काम करणाऱ्या विभागांपैकी पुष्कळांचे मूळ क्षयाच्या कक्षात आहे, हे विसरले जाते. १९७० नंतर रिफॅम्पिसिनामुळे क्षयासाठी शस्त्रक्रिया करण्याची गरज जवळजवळ संपली. पुढे औषधांना दाद न देणारा क्षय वाढला, तेव्हा मर्यादित भागात रोग असलेल्या काही रुग्णांसाठी औषधांच्या जोडीने तिचा पुन्हा अवलंब होऊ लागला. [→ क्षयरोग].

ग्रसिका व फुप्फुस यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया १९४१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात विकसित झाल्या. अर्नेस्ट बोर्जिस व डी. जे. जस्सावाला ही या रुग्णालयातील कर्करोग शस्त्रक्रियेशी निगडित असलेली ठळक नावे होत. या संस्थेचे संशोधन व शिक्षण केंद्र पुढे पनवेल तालुक्यातील खारघर येथे उभारण्यात आले.

बंद हृदयावरील शस्त्रक्रिया : संधिवाती ज्वर हा लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा रोग आहे. त्याने सांधे तात्पुरते सुजतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडतात. दाटीवाटीच्या चाळी व झोपड्या, अपुरे पोषण आणि घसा दुखण्याकडे होणारे दुर्लक्ष यांमुळे मुंबई व कोकणात हा रोग मोठ्या प्रमाणात आढळे. डावे अलिंद (वरचा कप्पा) व डावे निलय यांमधील द्विदल झडपेची पाळी एकमेकांस चिकटून तिचे तोंड अरुंद होते, रक्त फुप्फुसात तुंबते, धाप लागते व थुंकीतून रक्त पडते. पाश्चात्त्य देशांत हा विकार मध्यमवयात दिसतो. भारतात तो विसाव्या वर्षाच्या आतही तीव्र स्वरूपात आढळतो, याकडे दिल्लीतील संशोधकांनी १९६३ मध्ये लक्ष वेधले. बाळंतपणात या विकाराने एकाएकी दगावणाऱ्या तरुण स्त्रिया हा त्याचा सर्वांत दुःखद भाग होय.

हेन्री सूटर यांनी १९२५ मध्ये लंडन येथे डाव्या अलिंदाच्या पाळीतून बोट आत घालून ही झडप मोकळी केली होती. रुग्ण बरा झाला, तरी त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण कोणी पाठविला नाही. त्यापूर्वी बॉस्टन येथे एलिअट कटलर यांनी १९२३ मध्ये झडप कापण्याचा प्रयत्न केला. त्यांचा पहिला रुग्ण काही वर्षे जगला. पण पुढील जवळजवळ सर्व दगावले आणि हा मार्ग वीस वर्षे बंद पडला. १९४८ मध्ये चार्ल्स बेली, ड्‌वाइट हार्केन व रसेल ब्रॉक यांनी काही महिन्यांच्या अंतराने तो पुन्हा उघडला. बेली यांचे आधीचे रुग्ण एकामागून एक दगावले होते. शेवटी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत त्यांनी दोन शस्त्रक्रिया केल्या. सकाळचा रुग्ण गेला व दुपारचा वाचला.

मुंबईत हे तंत्र १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत के. ई. एम्. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन (१९१५–८२) यांनी रुजविले. छातीच्या डाव्या बाजूस फासळ्यांमधून छेद घेऊन हृदय उघडे करीत. डाव्या अलिंदाच्या पाळीभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालून तीतून तर्जनी आत सरकवीत आणि झडपेची चिकटलेली टोके बोटाने चाचपून सोडवीत. बोटाने काम भागले नाही, तर निलयाच्या टोकातून एक विस्फारक आत घालून आतील बोटाच्या अंदाजाने तो उघडीत. हृदय या वेळी धडधडत असे व शस्त्रक्रियातज्ञाला काहीही दिसत नसे. अलिंदातील रक्ताची गुठळी सुटून मेंदूत जाणे आणि झडप प्रमाणाबाहेर फाटून गळू लागणे, हे यातील मुख्य धोके होत. या क्रियेला यंत्र लागत नसे, रक्त थोडे लागे व खर्चही बेताचा होई. त्यामुळे महानगरपालिकेच्या रुग्णालयातील गरीब रुग्णांसाठी तिच्याइतकी उपयुक्त शस्त्रक्रिया दुसरी नव्हती, असे म्हणण्यास हरकत नाही. वेल्लोर येथील अशा ३,७२४ रुग्णांचा वृत्तांत १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४% होते. काही वर्षांनी झडप पुन्हा अरुंद होणे ही मात्र या क्रियेची मर्यादा होती. जपानमधील कानजी इनूए यांनी १९८४ मध्ये मांडीतील नीलेवाटे फुगा नेऊन झडप रुंदावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढील दहा-पंधरा वर्षांत भारतात तिने या शस्त्रक्रियेची जागा घेतली.

पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. संधिवाती ज्वर येऊन गेलेल्या मुलास दर तीन आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनाची सुई दिली, तर झडपेचा बिघाड वाढत नाही. स्वस्त असलेला हा प्रतिबंध सुईसाठी तालुक्याच्या गावी नियमाने येणे न जमल्याने पुष्कळदा अर्ध्यावर सुटे आणि तेच मूल काही वर्षांनी शस्त्रक्रियेसाठी परळला येई.

उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया : हृदयाच्या आत पाहून काम करावयाचे, तर त्यातील रक्तप्रवाह काही काळ थांबवावा लागतो. साध्या तापमानास मेंदू रक्तावाचून तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक टिकत नाही. शरीर थंड केल्यास ही मुदत वाढते. या तत्त्वावर जॉन ल्यूइस यांनी १९५२ मध्ये मिनेसोटा येथे दोन अलिंदांमधील पडद्याचे छिद्र बुजविले. जॉन गिबन (१९०३–७३) यांनी सुमारे दोन दशके खपून तयार केलेल्या हृद्‌-फुप्फुस यंत्राने ६ मे १९५३ रोजी पहिले यश मिळविले. पण त्यानंतरच्या दोन्ही मुली दगावल्यावर त्यांनी हे काम थांबविले. वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये आई वा वडील यांच्या रक्ताभिसरणाला मुलाचे रक्ताभिसरण जोडण्याचा धाडसी मार्ग अवलंबिला. अशा ४५ रुग्णांपैकी २८ घरी गेले. १९५५ मध्ये जॉन कर्कलिन यांनी गिबन यांचे यंत्र सुधारून आठ मुलांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील चार वाचली. आज हे आकडे भीषण वाटतात, परंतु शस्त्रक्रियेवाचून त्यांतील बहुतेक मुलांचे आयुष्य थोडेच होते.

भारतात हृद्‌-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडण्याचा मान मुंबईकडे जातो. नायर रुग्णालयात के. एन्. दस्तुर यांनी १९६१ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली आणि त्याच सुमारास वेल्लोर येथे एन्. गोपीनाथ यांनीही हे काम सुरू केले. यंत्राचे तत्त्व असे : महानीलांतील अशुद्ध रक्त नळ्यांवाटे बाहेर घेतात, ते ऑक्सिजनीकारकात शुद्ध करतात आणि पंपाने महारोहिणीत (शरीराला रक्त पुरविणाऱ्या मुख्य वाहिनीत) परत सोडतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारीन देतात. आरंभीच्या यंत्रांत रक्तातून ऑक्सिजनाचे बुडबुडे सोडीत. त्यामुळे तांबड्या कोशिका फुटत. रक्त व वायू यांमध्ये पातळ पटल असलेली उपकरणे आल्यावर हा दोष कमी झाला. हृदय थांबविण्यासाठी पोटॅशियमयुक्त थंड द्राव हृद्‌रोहिण्यांत (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांत) सोडण्याची सुरक्षित पद्धत १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तीमुळे शस्त्रक्रियातज्ञास निश्चल व रक्तहीन हृदयावर तास-दीड तास काम करता येऊ लागले. निकाल सुधारले ते मुख्यतः यामुळे व शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता कक्षांमुळे.

सेन यांचा विभाग व हृदय प्रतिरोपण : सेन यांचे नाव बहुधा हृदय प्रतिरोपणासाठी घेतले जाते. वस्तुतः त्यांच्या विभागाचे इतर संशोधनही तितकेच मोलाचे आहे. महारोहिणी व तिच्या शाखा यांच्या भिंती अज्ञात कारणाने सुजून अरुंद होण्याचा विकार भारतातील तरुणांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, आढळतो. अशा १०१ रुग्णांचा अभ्यास सेन, विकृतिवैज्ञानिक एस्. जी. किनरे, केळकर व गुरुकुमार परुळकर यांनी १९७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १९६५ मध्ये सेन, उद्‌वाडिया, किनरे व परुळकर यांनी आणखी एक कल्पना मांडली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूला कप्प्यातील रक्त थेट मिळते. त्याच धर्तीवर सुईने स्नायूत सूक्ष्म मार्ग पाडून रक्तपुरवठा वाढविता येईल, असे त्यांनी प्रयोगांवरून सुचविले. पुढे लेसर किरणांनी असे मार्ग पाडण्याची पद्धत निघाली, तेव्हा या निबंधाची आठवण पाश्चात्त्य संशोधकांना झाली. लेसर पद्धतीने वेदना कमी झाल्या, तरी आयुष्य वाढल्याचे निर्विवाद सिद्ध झाले नाही.

क्रिस्तिआन बर्नार्ड यांनी केपटाउन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी पहिले मानवी हृदय प्रतिरोपण केले. त्यांचा रुग्ण १८ दिवस जगला. सेन व त्यांचे सहकारी कुत्र्यांवर असे प्रयोग पूर्वीपासून करीत होते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी के. ई. एम्. रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिले व जगातील सहावे मानवी हृदय प्रतिरोपण केले. बसविलेले हृदय धडधडू लागले. परंतु रुग्ण सुमारे तीन तासांनी दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केलेल्या दुसऱ्या प्रतिरोपणाचा रुग्ण चौदा तास जगला. या अपयशाला हाताचे कौशल्य कारण नव्हते. दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा रोध वाढलेला असतो आणि नवे हृदय त्याविरुद्ध रक्त ढकलू शकत नाही, ही गोष्ट पुढे सर्वमान्य झाली. जगभर १९६८ मध्ये शंभरावर प्रतिरोपणे झाली. त्यांतील बहुतेक रुग्ण काही महिन्यांतच गेले व बहुतेक केंद्रांनी हे काम सोडून दिले. सेन यांना १९६९ मध्ये व परुळकर यांना १९९८ मध्ये पद्मभूषण देण्यात आले.

पुढचा टप्पा कायद्याने व औषधाने शक्य झाला. सायक्लोस्पोरिनामुळे शरीराचा विरोध आटोक्यात आला. मेंदूचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य करणारा मानवी अवयव प्रतिरोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला व तो स्वीकारणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी ३ ऑगस्टला पी. वेणुगोपाल यांनी दिल्लीत यशस्वी प्रतिरोपण केले. मुंबईला मात्र दीर्घकाळ वाट पाहावी लागली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याहून आणलेले हृदय मुलुंड येथील रुग्णालयात अन्वय मुळे यांच्या पथकाने बसविले. सेन यांच्या प्रयत्नानंतर मुंबईत झालेले हे पहिले हृदय प्रतिरोपण होते. मधे सत्तेचाळीस वर्षे गेली. काढलेले हृदय सुमारे चार तासांच्या आत बसवावे लागते. त्यामुळे पुणे–मुंबई अंतराला या क्रियेत निर्णायक महत्त्व असते.

कृत्रिम झडपा व शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य : चुना साचलेली किंवा गळणारी झडप बोटाने वा फुग्याने सुधारत नाही, ती बदलावी लागते. ॲल्बर्ट स्टार यांनी १९६० मध्ये पिंजऱ्यातील चेंडूच्या स्वरूपाची कृत्रिम झडप बसविली. परदेशी झडपांची किंमत भारतीय रुग्णांना झेपणारी नव्हती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम्. एस्. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली कलत्या चकतीची झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसविण्यात आली व तिने हा खर्च बराच खाली आणला.

यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला जन्मभर वॉर्फरीन घ्यावे लागते. त्याची मात्रा कमी पडली, तर झडप अडकते किंवा मेंदूत गुठळी जाते. जास्त झाली, तर रक्तस्राव होतो. यासाठी दर महिन्याला रक्तक्लथनाची चाचणी करून मात्रा ठरवितात. पोलादपूर किंवा म्हसळ्याच्या खेड्यातील रुग्णाला परळला जाऊन-येऊन एक-दोन दिवसांची मजुरी व एस्‌. टी.चे भाडे खर्चावे लागे. चाचणी चुकण्याचे व गोळ्या सुटण्याचे कारण बहुधा हेच असे. तरुण स्त्रियांपुढे आणखी एक पेच असतो : वॉर्फरीन गर्भाला अपायकारक ठरू शकते व ते थांबविणे मातेला. प्राण्यांच्या ऊतकांपासून केलेल्या झडपेला हे औषध दीर्घकाळ लागत नाही. परंतु तरुण शरीरात ती लवकर झिजते व दुसरी शस्त्रक्रिया अटळ होते. शस्त्रक्रियेचे यश रुग्णालयातून घरी गेलेल्यांच्या संख्येवरून मोजण्याची प्रथा आहे. झडपेच्या रुग्णांच्या बाबतीत ते मोजमाप अपुरे आहे. खरा निकाल पाच-दहा वर्षांनी कळतो. यामुळेच संधिवाती विकारात शक्य असेल तेथे मूळ झडप दुरुस्त करून राखण्याकडे अनेक तज्ञांचा कल असतो.

हृद्‌रोहिणी शस्त्रक्रिया : रेने फावालोरो यांनी क्लीव्हलंड येथे १९६७ मध्ये पायातील नीलेचा तुकडा वापरून अडलेल्या हृद्‌रोहिणीला वळणमार्ग (बायपास) देण्याचे तंत्र प्रस्थापित केले. छातीच्या आतील बाजूने जाणारी अंतर्वक्ष रोहिणी यासाठी वापरल्यास दहा वर्षांनंतरही अधिक रुग्ण जिवंत राहतात, हे १९८६ मध्ये सिद्ध झाले. भारतात ही शस्त्रक्रिया १९७५ च्या सुमारास सुरू झाली. १९९० नंतर मुंबईतील खाजगी रुग्णालयांत तिचा झपाट्याने प्रसार झाला व ‘बायपास’ हा शब्द मराठी घरांत रुळला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले नीतू मांडके (१९४८–२००३) या काळातील सर्वपरिचित शस्त्रक्रियातज्ञ होत. अंधेरी येथे मोठे हृद्‌रुग्णालय उभारण्याच्या कामात असताना हृदयविकाराच्या झटक्यानेच त्यांचे निधन झाले. यंत्र न वापरता धडधडत्या हृदयावर वळणमार्ग जोडण्याची पद्धत भारतात इतर देशांपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारली गेली. २००९ व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तौलनिक चाचण्यांत पहिल्या महिन्यातील मृत्यूंच्या बाबतीत दोन्ही पद्धतींत विशेष फरक दिसला नाही. मात्र पहिल्या चाचणीत यंत्राविना जोडलेले मार्ग वर्षाअखेर अधिक प्रमाणात बंद आढळले. हाताला सराव असलेल्या केंद्रांत निकाल चांगले येतात, एवढाच निष्कर्ष निर्धोकपणे काढता येतो. फुग्याने रोहिणी उघडण्याची आंद्रेआस ग्रून्टसिग यांची पद्धत (१९७७) व त्यानंतर निघालेली जाळीदार नळी (स्टेंट) बसविण्याची पद्धत पुढे सर्वत्र पसरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने स्टेंटच्या किंमतीवर मर्यादा घातली.

पनवेल परिसर : पनवेलला १८५२ पासून नगरपालिका होती, तथापि हृदय व वक्ष शस्त्रक्रियेसाठी तेथील रुग्णाला मुंबईच गाठावी लागे. मानखुर्द–वाशी पूल १९७३ मध्ये खुला होईपर्यंत मोटारीने जाण्याचा मार्ग मुंब्रा व ठाणे यांवरून होता. उरणकडील लोक मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरत. हार्बर मार्गावरील लोहमार्ग १९९८ मध्ये पनवेलपर्यंत पोहोचला. शिवडी व न्हावा-शेवा यांना जोडणारा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्याचे एक टोक क्षयरोग रुग्णालयाच्या शिवडीत आहे. दरम्यान रुग्णालयेच खाडीपलीकडे आली. कामोठे येथे १९८९ मध्ये महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि नवी मुंबईत हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेली रुग्णालये निघाली.

कळंबोली येथून निघणारा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. जुना पुणे रस्ता व गोव्याचा महामार्गही पनवेललाच फुटतात. त्यामुळे छातीला मार लागलेले अपघातग्रस्त ही या भागातील रुग्णालयांची नित्याची बाब झाली. अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना छाती उघडावी लागत नाही. साचलेले रक्त व हवा फासळ्यांमधून घातलेल्या नळीने पाण्याखालील बाटलीत काढून टाकणे, वेदनाशमन व श्वसनाची काळजी एवढ्याने ते बरे होतात. ही नळी वेळेवर घालणारा हात जवळ असणे येथे मोठ्या शस्त्रक्रियागृहापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.

खर्चाचा अडसर दूर करण्यासाठी राज्य शासनाने १९९७ मध्ये जीवनदायी योजना सुरू केली. तिच्याऐवजी २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना लागू झाली व त्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. हृदयावरील शस्त्रक्रिया हा तिच्यातील एक प्रमुख गट आहे. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यामुळे जन्मजात हृद्रोग असलेली, पण वैद्याकडे कधीही न नेलेली मुले सापडू लागली. अशा मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी हे बाल हृद्‌रुग्णालय खारघर येथे आहे.

जन्मजात हृद्रोग दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ-नऊ बालकांत असतो व त्यांतील अंदाजे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच उपचाराची गरज असते. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या बालकाची शस्त्रक्रिया जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत झाली, तर ते बहुधा सर्वसाधारण आयुष्य जगते. त्यानंतर डावे निलय दुर्बळ होत जाते. दोन निलयांमधील पडद्याचे मोठे छिद्र पहिल्या वर्षात बुजविल्यास धोका थोडा असतो. तेच मूल सात-आठ वर्षांचे होऊन आले, तर अधिक रक्तप्रवाहामुळे फुप्फुसातील रक्तवाहिन्या जाड व कठीण झालेल्या असू शकतात. अशा अवस्थेत छिद्र बुजविल्यास उजवे निलय थकते. त्यामुळे प्रथम हृदयात नलिका घालून फुप्फुसातील दाब व रोध मोजतात आणि तो मर्यादेपलीकडे असेल, तर शस्त्रक्रिया करीत नाहीत.